‘खाल’च्या जागी ‘बॅज ऑफ ऑनर’ का नको

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया कडक असली तरी मुद्द्याची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमचा आक्षेप असा: ‘स्तड़ै म शे’ (थकू नकोस) या पश्तो अभिवादनाचं इंग्रजी मी सरळ ‘हॅलो’ केलं, अफगाण वीरांगना मलालईच्या लंडईतला (दोन ओळींच्या पश्तो लोककवितेतला) ‘खाल’, म्हणजे चेहऱ्यावरचा ठिपका, मात्र तसाच ठेवला. हा दुटप्पीपणा झाला, आणि तिथे इंग्रजी वाचकाला चटकन कळेल असं ‘बॅज ऑफ ऑनर’ हवं होतं.

मला हा दुटप्पीपणा वाटत नाही. रस्त्यात भेटलेला माणूस ‘स्तड़ै म शे’ म्हणतो तेव्हा थकवा कुणाच्याच मनात नसतो. समोरचाही सवयीने ‘ख्वार म शे’ (हलाखीत पडू नकोस) म्हणतो आणि पुढे जातो. ‘स्पिन-स्तर्गै’चंही तेच. शब्दशः पांढऱ्या डोळ्यांचा, अर्थ निर्लज्ज. इंग्रजीत पांढरे डोळे ठेवले तर काहीच बोध होणार नाही, आणि मराठी माणूस तर कुणीतरी घाबरलंय असंच समजेल. अशा ठिकाणी अर्थ द्यावा आणि मोकळं व्हावं.

लंडईत मात्र ती प्रतिमा हेच सगळं असतं. दोन ओळी, पहिलीत 9 आणि दुसरीत 13 अक्षरं, बस्स.

खाल ब द यार ल वीनो केग्दम
चे शीनकी बाग़ के गुल गुलाब वुशरमवीना

प्रियकराच्या रक्ताचा खाल लावीन, हिरव्या बागेतला गुलाब लाजेल असा. 27 जुलै 1880 रोजी कंदाहारच्या पश्चिमेला मैवंद इथे अयूब खानाच्या अफगाण फौजेने इंग्रजांचा पराभव केला. त्या रणात मलालईने ही लंडई म्हटली, असं पश्तून परंपरा सांगते. खाल हा तीळ असेल किंवा गोंदलेला ठिपका. आपल्याकडच्या आज्यांच्या कपाळावर असायचं तसं हिरवट गोंदण पश्तून बायकांच्या चेहऱ्यावरही असतं. इथे तो ठिपका रक्ताने लाल होतो. पुढच्या ओळीतली हिरवी बाग आणि तिच्यातला गुलाब मला त्यामुळेच फार नेमके वाटतात.

तुम्ही ज्या इंग्रजी भाषांतराची बाजू घेतलीत, ते इंटरनेटवर सगळीकडे फिरतं. त्यात हे रक्त ‘मातृभूमीच्या रक्षणासाठी सांडलेलं’ आहे आणि ठिपका ‘कपाळावर’ आहे. मुळात यातलं एकही नाही. 22 अक्षरांत तिने मातृभूमीवर एकही अक्षर खर्च केलेलं नाही. समोर लढाई चालू असताना त्याची गरजही नव्हती. तो खुलासा ओळीत घुसवला की रक्ताचा रंग जातो आणि भाषण उरतं. वाचकाला मैवंद माहीत नसेल तर ते वर दोन वाक्यांत सांगता येतं.

राहिला ‘बॅज ऑफ ऑनर’. बॅज वरिष्ठ देतात आणि सैनिकाच्या छातीवर लावतात. इथे शृंगार एका बाईचा आहे, चेहरा तिचा आहे आणि ठिपका ती स्वतःच्या हाताने लावणार आहे. तुमच्या शब्दाने ती ओळीतूनच बाहेर जाते, आणि ते मला मान्य नाही.