बेसची बटणं शोभेला नसतात

"अहो ताई, डावी बाजू कोण वाजवतं? उजवी चालू आहे ना, मग झालं की!"

हे वाक्य ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आणि ते रस्त्यावरचा कुणी म्हणत नाही. वाद्यदुरुस्तीचे पैसे घेणारा माणूस म्हणतो. दुकानाच्या पाटीवर हार्मोनियमच्या शेजारी 'अकॉर्डियन' असं रंगवून घेतलेला माणूस म्हणतो. मग ते पाटीवर लिहिलं कशाला? त्याखाली 'फक्त उजवी बाजू' एवढं तरी लिहा. दहा-बारा किलोचं ते धूड रिक्षात घालून, जिना चढून तुमच्या दारात कुणी येणार तरी नाही.

अकॉर्डियन गळ्यात अडकवून वाजवतात: उजवीकडे पेटीसारख्या कळा, मधे भाता आणि, पूर्ण आकाराचं असेल तर, डावीकडे १२० बटणं. सहा रांगा, प्रत्येक रांगेत २०. पहिल्या दोन रांगांत सुटे खर्जाचे सूर, एक मुख्य बेस आणि एक त्याचा जोडीदार काउंटर-बेस. पुढच्या चार रांगांत तयार कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर: मेजर, मायनर, सेव्हन्थ, डिमिनिश्ड. यातल्या एका बटणावर बोट ठेवलं की तीन सूर एकदम उघडतात. इटलीतल्या स्त्राडेल्ला गावाच्या नावानं ही रचना जगभर ओळखली जाते आणि शंभर वर्षांहून अधिक काळ लोक तीवर नाचताहेत, गाताहेत. वॉल्ट्झ या तीन मात्रांच्या नाचाचा ठेका धरायचा तर डावा हात बेस-कॉर्ड-कॉर्ड असा चालतो आणि उजवा हात त्यावर मोकळा फिरतो. ही डावी बाजू काढली तर उरतं काय? गळ्यात अडकवलेली महागडी बाजाची पेटी!

पण आपल्याकडे ते कुणाला पटतच नाही. कारणही मला माहीत आहे. आपल्याकडचे बरेच वाजवणारे पेटीवरून अकॉर्डियनकडे आले. पेटीत डाव्या हाताचं काम एकच, भाता मारायचा. तीच सवय घेऊन ते इकडे आले आणि डावा हात पट्ट्यात घालून नुसता भाता ओढत राहिले. ऑर्केस्ट्रात बेस गिटार होतीच, कॉर्डला दुसरी गिटार होती, मग ही बटणं दाबतंय कोण? वाजवली नाहीत म्हणून बिघडली कधी ते कळलं नाही, बिघडलेली कळली नाहीत म्हणून दुरुस्त करायला कुणी शिकलं नाही. ज्या पुण्यात इनॉक डॅनियल्स यांच्यासारखा वादक राहिला, ज्या मुंबईत गुडी सिरवई आणि केरसी लॉर्ड यांनी सिनेसंगीतात हे वाद्य गाजवलं, त्या दोन शहरांत मला बेसची यंत्रणा उघडून नीट बसवून देणारा एक कारागीर मिळू नये? लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे ही.

बरं, येत नसेल तर 'येत नाही' म्हणा. माझा राग त्यावर नाही. माझ्या बाजाची, म्हणजे अकॉर्डियनची, तक्रार साधी होती. मेजरच्या रांगेतली दोन बटणं आत बुडाली होती आणि भाता ओढला की एक सूर आपोआप बोंबलत होता. वाहतुकीत खोकं आपटलं की हे असं होतं. बटण उसळून आत जातं आणि वरच्या पत्र्याच्या भोकाखाली अडकून बसतं. त्याच्याखालची पत्र्याची दांडी वाकली नसेल तर झाकण काढून ते सरळ परत भोकात आणता येतं. पण या गृहस्थांनी काय केलं? बटणांच्या भोकांतून शिलाई मशीनचं तेल सोडलं! वरून! आत चामडं आहे, नमदा म्हणजे दाबलेल्या लोकरीचा थर आहे, मेणावर बसवलेल्या सुरांच्या पात्या आहेत, याचा विचारही नाही. आणि एक बटण निखळलं होतं ते इन्स्टंट गोंदानं चिकटवलं. तो गोंद ओघळून शेजारच्या दांडीवर गेला. आता एक बटण दाबलं की दोन खाली जातात. याचे त्यांनी पैसे घेतले. वर "आता मोकळी झाली बघा" असं सांगितलं.

मोकळी कसली झाली? चार दिवस बटणं सुळसुळीत चालली, मग पावसाळा आला. तेलाला धूळ धरली, हवेतली ओल धरली आणि सगळ्याचा चिकटा झाला. अकॉर्डियनच्या बेसमध्ये तेल घालायचं नसतं. कधीच नाही. तिथे धातूवर धातू कोरडाच घासायला हवा. जिथे आवाज होऊ नये तिथे नमदा असतो, आणि तेल प्यायलेला नमदा दगडासारखा होतो. झडपेच्या चामड्यावर तेल गेलं की ते ना नीट बसतं, ना नीट उठतं. वाद्यदुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्याला हे माहीत नको?

शेवटी घरी उघडायला बसले, कारण दुसरा मार्गच ठेवला नव्हता कुणी. हाताचा पट्टा सोडवला, मागचं झाकण काढलं. झाकणाचे स्क्रूही कुणीतरी पूर्वी इतके पिळलेले की लाकडात भोकं मोठी होऊन गेलेली, एक तर काडेपेटीची काडी खुपसून बसवलेला. आणि आत जे दिसतं ते पाहून कुणाचीही छाती दडपावी. प्रत्येक बटणाखाली एक पातळ पत्र्याची दांडी, दांडीला बाजूनं निघालेल्या बारीक पिना. त्याखाली आडवे गज, बेसचे बारा आणि कॉर्डचे बारा, आणि त्या गजांना ओळीनं जिभा. बटण दाबलं की दांडी आत जाते, पिना आपापल्या जिभांना ढकलतात, गज फिरतो आणि दुसऱ्या टोकाची झडप उचलली जाते. कॉर्डच्या प्रत्येक दांडीला तीन पिना. म्हणजे कॉर्डच्या ८० दांड्यांच्याच २४० पिना झाल्या. यातली एक जराशी वाकली की शेजारच्या जिभेला लागते आणि मेजर कॉर्डमध्ये भलताच सूर घुसतो.

आता 'सी' (पाश्चात्त्य पद्धतीतलं सुराचं नाव) हा एक सूर लटकला आहे, म्हणजे थांबतच नाही, असं समजा. गुन्हेगार कोण? 'सी' मेजरमध्ये हा सूर आहे, 'एफ' मेजरमध्ये आहे, 'ए-फ्लॅट' मेजरमध्ये आहे. मायनरमध्ये 'सी', 'एफ' आणि 'ए'. सेव्हन्थ आणि डिमिनिश्डच्या रांगा अजून वेगळ्याच. शिवाय सूर बारा आणि उभ्या ओळी वीस, त्यामुळे 'ए-फ्लॅट' हाच सूर पलीकडच्या टोकाला 'जी-शार्प' या नावानं पुन्हा हजर! ही सगळी बटणं त्याच एका गजाला फिरवतात. कुठलीही एक दांडी पूर्ण वर आली नाही की तो गज अर्धवट फिरलेला राहतो आणि सूर चालूच राहतो. मग एकेक बटण चिमटीत धरून वर ओढून बघा, आवाज कधी थांबतो ते. आवाज ऐकण्यासाठी भाता ओढायला हवा, भाता ओढायला दुसरा हात हवा आणि बघायला बॅटरी तोंडात धरायला हवी. घरात कुणाला हाक मारली तर "अजून तेच चाललंय का" हे आधी ऐकायचं.

दोषी दांडी सापडली तरी ती बाहेर निघत नाही! माझा खरा संताप इथे आहे. जुन्या जर्मन बाजात यंत्रणा अशी बांधली आहे की मधल्या रांगेतली एक दांडी काढायची तर कडेच्या रांगेपासून एकेक दांडी सोडवत आत यावं लागतं. आत अडकलेल्या एका वाकड्या पिनेसाठी अर्ध्याअधिक दांड्या बाहेर. आणि त्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत, प्रत्येकीच्या पिनांची जागा वेगळी. क्रम चुकला तर बोटाला 'सी' ओळखू यावा म्हणून खळगी ठेवलेल्या बटणातून तिसरंच काही वाजेल. मी थर्माकोलच्या जाड पत्र्यावर सहा गुणिले वीस अशा पेन्सिलीनं चौकटी आखल्या आणि प्रत्येक दांडी तिच्या चौकटीत खोचत गेले. ते थर्माकोल टेबलावर असताना कुणी पंखा लावला तरी माझ्या अंगावर काटा येत होता. पुढे चांगल्या कारखान्यांनी अशी यंत्रणा केली की काही स्क्रू काढले की अख्खा ठोकळा हातात येतो. म्हणजे हे जमण्यासारखं होतं! मग ज्या कारागिरांनी इतकी अचूक पिना-जिभांची रचना केली त्यांना हे आधी का सुचलं नाही? दुरुस्ती करणाराही माणूसच असतो, त्याला दोनच हात असतात, याचा विचार नको का करायला?

दांडी सरळ करणं हे तर आणखी जिवावरचं काम. जुनी ॲल्युमिनियमची दांडी एकदा वाकते, दुसऱ्यांदा वाकवायला गेलं की कटकन तुटते. लांब नाकाच्या पकडीनं एक केसभर ढकलायचं, बसवून बघायचं, पुन्हा काढायचं. त्या तेलाच्या चिकट्यासाठी प्रत्येक दांडी स्पिरिटनं पुसायची, इअरबडनं गजाच्या जिभांमधली घाण काढायची. काळी पडलेली इअरबड्सची रास बघितली की त्या तेलवाल्या गृहस्थांना इथे आणून बसवावं असं वाटतं. नमद्याला कसर लागलेली, बारीक कमान्या गंजलेल्या. आपल्या हवेत हे होणारच. पण वेळच्या वेळी उघडून पुसलं असतं तर इतकं झालं नसतं. ज्यांच्याकडे हा बाजा आधी होता त्यांनी उजवीकडचे सूर दोनदा लावून घेतले होते, आत तशी पेन्सिलीची नोंद आहे. डावीकडे कुणी हात लावला नव्हता.

आणि सुटे भाग? त्याबद्दल तर बोलायलाच नको. एक दांडी हवी असेल तर परदेशातून मागवा. तिची किंमत किरकोळ, तिला इथे आणण्याचा खर्च तिच्या कितीतरी पट. तोही आधी ती नेमकी त्याच बनावटीची मिळाली तर. आपल्याकडे पेटीचे सूर मिळतात, भात्याचं कापड मिळतं, चामडं मिळतं. बेसची दांडी मागितली की दुकानदार माझ्याकडे असा बघतो जणू मी विमानाचं पंख मागितलंय.

त्यावर शहाणे सल्ले देणारे आहेतच. "कीबोर्ड घे की. त्यात अकॉर्डियनचा आवाज असतो." नसतो! भाता आवळताना सूर जो भरत जातो आणि सोडताना विरतो, तो कुठल्या बटणात भरून ठेवलाय मला दाखवा. "इतका वेळ घालवतेस, त्यात नवा आला असता." कुठून आला असता? पूर्ण १२० बटणांच्या चांगल्या नव्या बाजाची किंमत विचारून बघा आणि मग बोला. आणि सर्वांत चीड आणणारा सल्ला, "तशीही ती बटणं कुणाला ऐकू येतात?" मला येतात. मी डाव्या हातानं वाजवते. चुकीचा कॉर्ड वाजला की माझं पुढचं सगळं गाणं नासतं.

आता पाच रांगा बसल्या आहेत. बोंबलणारा सूर गप्प झालाय, मेजरची ती दोन्ही बटणं वर आली आहेत, मायनरची रांग इतकी हलकी चालते की बोट ठेवायचा अवकाश. गोंदानं चिकटलेली जोडी पातीनं सुटी केली. पण तोच गोंद खाली डिमिनिश्डच्या दोन दांड्यांवरही उतरला होता आणि सोडवताना त्या पिनेपाशी तुटल्या. त्या दोन जागा रिकाम्या आहेत.

तेव्हा ज्यांच्या माळ्यावर आजोबांचा किंवा ऑर्केस्ट्रातल्या काकांचा जुना १२० बटणांचा बाजा पडलाय, भाता फाटलाय, कळा पिवळ्या पडल्यात, त्यांनी तो कृपा करून हॉटेलच्या भिंतीवर टांगायला देऊ नका. भंगारवाल्याला किलोवर तर अजिबात देऊ नका. मागचं झाकण उघडा आणि दांड्या शाबूत आहेत का बघा. मला दोन हव्या आहेत. माझ्यासारखी आणखी माणसं असणार, त्यांना उरलेल्या लागतील. आणि झाकण उघडल्यावर गंज दिसला तरी तेलाची बाटली हातात घेऊ नका.