लाखाची लेन्स नसेल तर?

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की उडत्या पक्ष्यांच्या फोटोत सगळा खेळ लाखाच्या लेन्सचा असतो, भरती-वाऱ्याचं पुराण मी उगाच लावतो, आणि बोट जवळ नेऊन फ्लेमिंगो उठवले तरी काही बिघडत नाही, दोन मिनिटांत ते परत बसतात.

लेन्सचं थोडं मान्य. पहाटेच्या अंधुक उजेडात साध्या झूमवर आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) इतका चढतो की पिसांचा पोत जातो. पण फ्लेमिंगो काही खंड्यासारखा सुसाट नाही. सेकंदाच्या १/१२५० शटरला त्याचे पंख फोटोत थांबतात, आणि चांगल्या उन्हात तेवढा वेग साधी झूमही देते.

अडतं वाऱ्याशी. मोठा पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उठतो. हिवाळ्यात मुंबईत सकाळी मतलई वारा असतो, म्हणजे पूर्वेकडून. अशा वेळी ठाणे खाडीच्या पूर्वेच्या, ऐरोली काठावर उभे राहा: ऊन पाठीशी, आणि थवा तुमच्याकडे तोंड करून उठणार. समोर, पश्चिमेच्या भांडुपच्या बाजूला त्याच क्षणी ऊन डोळ्यांवर आणि फ्रेममध्ये शेपट्या, लेन्स कितीही महाग असो. दुपारी खारा वारा, म्हणजे पश्चिमेचा समुद्रावरचा, सुटला की सगळं उलट. मग पश्चिम काठावरची शिवडी बरी, त्यातही भरती चढताना, कारण पाणीच पक्ष्यांना काठाकडे ढकलत आणतं.

उठण्याआधी ते सांगतातही. चिखलात चोची उलट्या घालून चरणारा थवा एकदम माना ताठ करतो, कलकल वाढते, सगळे एकाच दिशेला चालू लागतात. मग पाण्यावर धावत काही पावलं. फोकस तोवर लागलेला हवा. पाय सुटल्यावर कॅमेरा उचलणाऱ्याला उशीर झालेला असतो.

आता बोटीचं. घाबरलेला थवा बोटीपासून लांब पळतो, त्यामुळे फोटोसुद्धा पाठमोराच मिळतो. पण माझा राग त्यासाठी नाही. ओहोटीत चिखल उघडा पडतो तेवढेच तास त्यांचे चरायचे. एक बोट गेली की दुसरी येते आणि ते तास उडण्यात जातात. खाडीचा ऐरोलीजवळचा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत वन्य प्राण्याला हाकणंही येतं. थवा मुद्दाम उठवून काढलेला फोटो मी कधीच लावणार नाही, कितीही सुंदर असला तरी.

नवीन मुलांना माझं सांगणं एवढंच, की खाडीवर जाण्याआधी गच्चीवर जा. घारी मुंबईभर आहेत, बारा महिने. शटर १/१६००, फोकस कंटिन्युअस (हलत्या पक्ष्यामागे सतत फिरणारा), आणि नजर शेपटीवर ठेवा: वळण्याआधी घार शेपूट तिरकी करते. ती तिरकी झालेली दिसली की बटण दाबा.