‘राँग’ की ‘राँगली’?

‘यू स्पेल्ड इट राँग’ हे वाक्य अशुद्ध, तिथे ‘राँगली’च हवं, असा मेसेज फिरतो आहे. त्यात तथ्य नाही. ‘राँग’ विशेषण आहेच, पण कित्येक शतकं ते क्रियाविशेषण म्हणूनही वापरात आहे. क्रियापदानंतर, विशेषतः बोलताना, तेच सहज येतं. ‘गो राँग’मध्ये ‘राँगली’ घालून पाहा, कानाला लगेच खटकेल. ‘राँगली’ची हक्काची जागा क्रियापदाच्या किंवा कृदंताच्या आधी: ‘राँगली अक्यूज्ड’. तिथे मात्र ‘राँग’ चालत नाही.

मेसेज लिहिणाऱ्याला बहुधा ठाऊक नसावं, पण हा शब्द नाम आणि क्रियापदही होतो. ‘ही राँग्ड हर’ म्हणजे त्याने तिच्यावर अन्याय केला. ‘तिला चुकवलं’ असा अर्थ करू नये.