पस्तिशी ओलांडलेल्या इमारती आणि नानांची वर्गणी

"आयडिया बघा!" नाना उभेच राहिले. 'विकास' म्हणायचं असलं की नाना बसून बोलत नाहीत. "शिकागोत 'टिफ' नावाची योजना आहे. एखाद्या वस्तीतल्या घर-जागांचं करपात्र मूल्य आजच्या आकड्यावर गोठवतात. त्यावर जी वाढ होईल तिचा कर २३ वर्षं त्याच वस्तीत. रस्ते, गटारं, बिल्डरला हातभार. नवा कर शून्य! विकास आपला खर्च आपणच काढतो!"

"बसा," माधवी म्हणाली. "गोठवलेलं मूल्य १० कोटी डॉलर धरा. एक वीटही रचली नाही, नुसती वर्षाला २ टक्के भाववाढ, तरी २३ वर्षांनी १५ कोटी ७७ लाख. वरचे पावणेसहा कोटी कुणाच्या विकासाचे?"

"पण टिफशिवाय तिथे काही झालंच नसतं, हे आधी दाखवावं लागतं!"

"दाखवणारा सल्लागार, टिफ हवाय त्यांनीच नेमलेला."

नानांनी चष्मा पुसला. हरायला लागले की पुसतात.

"पण टिफ पडीक वस्तीलाच ना? ती पडीक आहे हे ठरवतात कसं?" शिऱ्या.

"पडीक असायलाच हवी असं नाही," माधवी म्हणाली. "शिकागोच्या राज्याच्या, इलिनॉयच्या कायद्यात 'पडीक होऊ घातलेली'सुद्धा चालते. निम्म्या इमारती ३५ वर्षांच्या वर, आणि १३ लक्षणांपैकी ३: मोडकळ, रिकामी घरं, अपुरं पाणी-गटार, असली."

"नाना एकटेच तेराही भरतील."

"शिऱ्या, तू माझी शिडी कधी परत करतोयस?"

शिडीवर पाच मिनिटं गेली. ती लिहीत नाही.

"पुढे?" कोणीतरी म्हणालं.

"पुढे शाळा, काउंटी म्हणजे जिल्हा, वगैरेंची संयुक्त समिती, जाहीर सुनावणी, मग नगर परिषदेचे तीन ठराव: आराखडा, हद्द, टिफ लागू. समितीने नकार दिला तरी तीन-पंचमांश मतांनी रेटता येतं."

"म्हणजे शाळा उपाशी!"

"इथेच सगळे घसरतात. इलिनॉयमध्ये शाळा कराचा टक्का नाही, ठरावीक रक्कम मागते. टिफमधली वाढ हिशोबातून वगळली की तीच रक्कम कमी मूल्यावर वाटायची, म्हणून कराचा दर चढतो. भुर्दंड सगळ्या शहराला. शिवाय रकमेच्या वाढीवर मर्यादा असते, त्यामुळे टिफमधल्या नव्या बांधकामाचा फायदा शाळेला टिफ संपेपर्यंत नाही. कॅलिफोर्नियात कराचा दरच बांधलेला, तिथे शाळांचं थेट तुटायचं आणि राज्य भरून द्यायचं. १९५२ पासूनची पद्धत; तिथले गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी २०११ मध्ये कायदा केला आणि १ फेब्रुवारी २०१२ ला ती राबवणाऱ्या चारशेच्या आसपास पुनर्विकास संस्थांना कुलूप."

"ते कॅलिफोर्निया," नाना म्हणाले.

"मग शिकागोचं घ्या. लिंकन यार्ड्स हा बिल्डरचा मोठा प्रकल्प. शेजारी लिंकन पार्क, शहरातली गडगंज वस्ती. एप्रिल २०१९ मध्ये १.३ अब्ज डॉलरपर्यंतच्या टिफला मंजुरी. कसली पडीक, नाना?"

"उरलेला पैसा परत देतात की! सरप्लस!"

"जाहीर केला तर. नाहीतर हद्दीला लागून असलेल्या दुसऱ्या टिफमध्ये वळवता येतो."

शिऱ्या ताडकन उठला. "आपली गणपतीची वर्गणी!"

"ती पुढच्या मांडवासाठी राखून ठेवलीय," नाना गुरगुरले.

"चिडू नका," माधवी म्हणाली, "तुम्हाला २३ वर्षं आहेत."

"आणि विधिमंडळाने मान्यता दिली तर अजून १२," नाना स्वतःच म्हणाले, आणि मग त्यांनाच हसू आवरेना.