छत्तीसच्या आकड्याचे सिनेमे

शनिवारी रात्री टीव्हीवर 'रश अवर' लागला होता. १९९८ चा, जॅकी चॅन आणि क्रिस टकरवाला, एकमेकांशी न पटणाऱ्या दोन पोलिसांचा. बाबा जेवून सोफ्यावर लवंडले होते. इंग्रजी त्यांना जेमतेम कळतं. विमानतळावर टकर जॅकी चॅनशी बहिऱ्याशी बोलावं तसा ओरडून बोलायला लागला आणि जॅकी चॅन मख्ख चेहऱ्याने ऐकत राहिला, तेव्हा बाबा उठून बसले. "त्याला सगळं कळतंय. मुद्दाम गप्प बसलाय." थोड्या वेळाने जॅकी चॅन सरळ इंग्रजीत बोलला, तेव्हा बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू पटकथा त्यांनीच लिहिली होती.

त्यांना कळणारच. बेस्टमध्ये कंडक्टर होते. त्यातली बरीच वर्षं एकाच ड्रायव्हरबरोबर काढली. ड्रायव्हरकाका माळकरी, बोलणं मोजून मापून. बाबा म्हणजे चालतंबोलतं आकाशवाणी केंद्र. दोघांचं भांडण कशावरून, तर बेलवरून. एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. बाबा घाईत दोरी अशी ओढायचे की दोन्ही टोले एकात मिसळायचे. काका म्हणायचे, ही एकच झाली, आणि गाडी जागची हलायची नाही. पब्लिक बोंबलायचं, बाबा पुढे जाऊन हुज्जत घालायचे. एकदा दादरला बाबांनी नीट दोन टोले दिले तरी गाडी हलेना. बाबा तणतणत पुढे गेले. काकांनी नुसतं आरशाकडे बोट केलं. मागच्या पायरीवर एक आजी, एक पाय वर, एक रस्त्यावर. पुढच्या गर्दीतून बाबांना ती दिसणं शक्यच नव्हतं. त्यावर दोघं काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बेलवरून पुन्हा भांडले.

न पटणाऱ्या दोघांना एका कामाला जुंपणारे सिनेमे, हा प्रकारच मला का आवडतो, ते इथे आहे. तुझं माझं जमेना, तुझ्यावाचून करमेना, हे तर झालंच. पण नुसते स्वभाव उलटे असून भागत नाही. एकाला दिसतं ते दुसऱ्याला दिसू नये, आणि काम दोघांच्या दिसण्यावर अडलेलं असावं. 'फॉर्टी एट अवर्स'मध्ये (१९८२) पोलिसाला तुरुंगातला एडी मर्फी ४८ तासांसाठी बाहेर काढावा लागतो, कारण ज्या टोळीचा माग काढायचाय ती त्याच्या ओळखीची. 'मिडनाइट रन' (१९८८) माझा सगळ्यात लाडका. फरारी अकाउंटंटला न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला पोचवायचं, बदल्यात एक लाख डॉलर. रॉबर्ट डी नीरो तापट, चार्ल्स ग्रोडिन शांतपणे डोकं खाणारा: सिगरेट सोड, हे खाऊ नकोस, बायकोशी का बिनसलं. गोळीबार, हेलिकॉप्टर सगळं आहे, पण लक्षात राहते ती ही कटकट.

आता तक्रारी. पहिली म्हणजे दुसरा भाग. भांडण हे या सिनेमांचं भांडवल, आणि शेवटाला मैत्री झाली की ते संपलं. 'लीथल वेपन'च्या (१९८७) पहिल्या भागात एकजण बायको गेल्यामुळे जिवावर उदार झालेला, दुसरा बायकापोरांत रमलेला. शेवटी पहिला स्वतःला मारायला जपून ठेवलेली बंदुकीची गोळी दुसऱ्याला भेट म्हणून देऊन टाकतो. झालं की! पुढे काय उरलं? म्हणून १९८९ च्या भागात जो पेशीला आणलं, बडबड करायला. आपल्याकडे 'धूम' (२००४) घ्या. एसीपीला बाइकमधलं कळणारा माणूस हवा होता, म्हणून अली हवा होता. दुसऱ्या भागात अली स्वतःच पोलीस! मग त्याच्याकडे उरलं काय, तर वेंधळेपणा.

यातूनच दुसरी. हिंदीवाले जोडी म्हणतात आणि देतात हिरो आणि त्याचा विदूषक. एकाने मारायचं, दुसऱ्याने धडपडायचं. ती जोडी नव्हे, साहेब आणि शिपाई. (यावर मारामारी करायची असेल तर कमेंटमध्ये या.) आपला महेश कोठारे याबाबतीत मला जास्त शहाणा वाटतो. 'दे दणादण' (१९८७) बघा, 'धडाकेबाज' (१९९०) बघा. दिग्दर्शक स्वतः, तरी पडद्यावर इस्त्रीचा माणूस व्हायचं आणि हशे सगळे लक्ष्याला द्यायचे. लक्ष्या तिथे कुणाच्या मागे उभा नसतो. थिएटर त्याच्यासाठीच भरायचं.

तिसरी तक्रार जरा टोचणारी. या जोडीत नियम पाळणारा आणि नियम मोडणारा असतो, आणि शिकतो कायम पाळणारा. तो सैल होतो, गाड्या ठोकतो, संशयिताला दोन ठेवून देतो, आणि आपण टाळ्या पिटतो. मोडणारा कधी फॉर्म भरायला शिकलाय? 'हॉट फझ'ने (२००७) ही गंमत पकडली होती. त्यातला हिरो कागदपत्रांचा भक्त, आणि ते कागद भरणंही मारामारीच्या झपाट्याने दाखवलंय. असे अपवाद थोडेच. मुंबईत राहून, पेपरात चकमकींच्या बातम्या वाचत मोठं होऊन, पडद्यावरच्या त्या दोन थपडांना मी आता पूर्वीसारखा हसत नाही. बायकांबद्दल तर बोलायलाच नको, एक तर पळवून नेलेली, नाही तर घरी जेवण गार होतंय म्हणून रुसलेली.

तरीही शनिवारी शेवटपर्यंत बसलो. शेवटी नावांच्या पाट्यांबरोबर चुकलेले शॉट दाखवतात, जॅकी चॅनची जुनी सवय. खलनायक कोण होता ते बाबा तोवर विसरलेही होते, पण या चुकांना सगळ्यात जास्त हसले.

मी विचारलं, "तुमचं आणि काकांचं शेवटी जमलं का हो?"

"जमायचंय काय त्यात? ड्युटी होती," म्हणाले, आणि रिमोट माझ्याकडे टाकून झोपायला गेले.

येत्या शनिवारी दुसरा भाग आहे म्हणे. बाबांनी वेळ विचारून ठेवलीय.