फक्त झोप नाही, मानही वाकडी होते
‘उलटीच्या गोळीने फार तर झोप येते’ हे तुमच्या उलटीच्या औषधांवरच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. माझ्या सतरा वर्षांच्या भाचीला मेटोक्लोप्रमाइड या उलटी थांबवणाऱ्या औषधाच्या दोन गोळ्यांनंतर मान एका बाजूला वळली, डोळे वर गेले, जबडा आवळला. शुद्ध पूर्ण होती, पण बोलता येईना. घरात कुणी फिट म्हणालं, कुणी दृष्ट काढायला निघालं! डॉक्टरांनी आधी गोळीचं पाकीट मागितलं, त्यावर उतारा म्हणून प्रोमेथाझिन या औषधाचं इंजेक्शन दिलं आणि अर्ध्या तासात मान सरळ झाली.

मेटोक्लोप्रमाइडमुळे स्नायू असे आवळण्याचा हा त्रास लहान मुलांना आणि तरुणांना जास्त होतो. युरोपच्या औषध नियामकाने 2013 मध्येच मोठ्यांसाठीही या औषधाला दिवसाला 30 मिलिग्रॅम आणि जास्तीत जास्त 5 दिवस अशी मर्यादा घातली. आपल्याकडे मात्र उरलेली गोळी शेजारच्या मुलालाही दिली जाते. कृपया लेखात एवढी भर घालाच.