छोट्या मंडळाला पीएचपीबीबी पुरतं

मंडळा-संस्थांच्या ऑनलाइन चर्चामंचावरच्या लेखात चर्चेसाठी 'डिस्कोर्स' हेच सॉफ्टवेअर घ्या असं म्हटलंय. सॉफ्टवेअर उत्तम आहे, वाद नाही. पण त्याला डॉकर (सॉफ्टवेअर वेगळ्या बंदिस्त डब्यात चालवणारी यंत्रणा) आणि निदान १ जीबी रॅमचा स्वतंत्र सर्व्हर लागतो, साध्या शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेक वेबसाइटांनी मिळून वापरायच्या स्वस्त सर्व्हरवर, ते चालत नाही. आमच्या खानापूर-बेळगाव भागातल्या वाचनालयाला किंवा भजनी मंडळाला तो खर्च आणि ती देखभाल कशी झेपणार? शिवाय २० अक्षरांहून छोटं उत्तर ते मुळात घेतच नाही. 'होय, येतो' एवढंच लिहिणारे वडीलधारे तिथेच अडकतात. सेटिंग बदलता येते, पण ती माहीत हवी ना! अशांनी २००० सालापासून चालत आलेलं पीएचपीबीबी हे चर्चामंचाचं सॉफ्टवेअर बघावं. होस्टिंगवर पीएचपी (वेबसाइट चालवणारी प्रोग्रॅमिंग भाषा) आणि मायएसक्यूएल (माहिती साठवणारा डेटाबेस) असलं की झालं.

आणखी एक गोष्ट लेखात हवीच होती. आमच्याकडे एकाच चर्चेत कोण मराठीत लिहितं, कोण कन्नडात. म्हणून आधी दोन्ही लिप्यांत मजकूर टाकून शोधून बघा, मग बॅकअप काढून दुसरीकडे चढवून बघा. कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरं साठवायची संकेतपद्धत, चुकला तर अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात, आणि ती तशीच साठवली गेली तर त्यातून मूळ मजकूर परत काढता येत नाही. थीम निवडायच्या आधी एवढं कराच.